‘स्थैर्य’ कोणाचे?

हळदीतील कुर्क्युमिन हे प्रतिऑक्सिडीकारक द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि अल्कधर्मी द्रावणात अल्पावधीत विघटित होते. सुमारे २० ते २०० नॅनोमीटर व्यासाच्या तैलबिंदूंत ते सामावून नॅनो-पायस केल्यास त्याचे ‘स्थैर्य’ वाढते, असे मराठी विज्ञानलेखनात म्हटले जाते. (पायस म्हणजे खीर, हा आक्षेप तूर्त बाजूस ठेवला तरी चालेल.) विधान खोटे नाही, संदिग्ध आहे. बिंदू एकमेकांत न मिसळणे हे पायसाचे स्थैर्य. रेणू अभंग राहणे हे कुर्क्युमिनचे. पहिले टिकूनही दुसरे ढळू शकते, आणि पहिलेही कालसापेक्षच असते. एकासाठी ‘टिकाऊपणा’ व दुसऱ्यासाठी ‘अविकृतता’ असा भेद करावयास हवा होता.

‘दाहशामक’ या शब्दाची गत याहून वाईट. शास्त्राला अभिप्रेत असतो शोथ, म्हणजे सूज, लाली, उष्णता व वेदना यांचा समुच्चय. व्यवहारात दाह म्हणजे जळजळ. नवापूर तालुक्यातील विसरवाडीच्या मावची भाषक रुग्णाला मराठी मुळातच दुसरी भाषा. गुडघ्याच्या सुजेवर सुचविलेले हे औषध तो पित्तावरचे समजला, तर दोष त्याचा नव्हे.