परीस की कसोटी? : जॉर्ज हर्बर्टचा श्रमविचार

जॉर्ज हर्बर्ट (१५९३-१६३३) याची 'द एलिक्सर' ही कविता ख्रिस्ती श्रमनिष्ठेचे सुबोध सूत्र मानली जाते. खोली झाडणाऱ्या चाकराचे कष्ट ईश्वरासाठी केले की दिव्य होतात, एवढाच तिचा आशय सांगितला जातो. चर्चमध्ये ती गायली जाऊ लागल्याने हे सुलभीकरण दृढ झाले. संहिता मात्र इतकी निरुपद्रवी नाही.

मठवासी जीवनाचे श्रेष्ठत्व नाकारून मार्टिन ल्यूथरने दासीच्या कामालाही ईश्वरी हाकेची प्रतिष्ठा दिली. त्याच्या 'बेरूफ' या शब्दात हाक आणि उपजीविका हे दोन्ही अर्थ एकवटले, याकडे माक्स वेबरने १९०४-०५ मध्ये लक्ष वेधले. मराठी बायबलातील 'पाचारण' या शब्दात पहिला अर्थ आहे, दुसरा नाही. या विचाराला आधारभूत ठरलेले पौलाचे वचन ज्या स्थितीत हाक आली तीतच राहण्यास सांगते. जातिव्यवस्था अनुभवलेल्या वाचकाला त्यातील धोका समजावून द्यावा लागत नाही. हर्बर्टचा गद्यग्रंथही (मृत्यूनंतर, १६५२ मध्ये प्रसिद्ध) आळसाला राष्ट्राचे मोठे पाप ठरवतो. तेथे तो सुव्यवस्थेचाच पुरस्कर्ता आहे.

कवितेत मात्र 'क्लॉज' हा कायद्याच्या परिभाषेतील शब्द येतो. 'तुझ्यासाठी' हे जणू चाकरीच्या करारातील एक कलम. ते धन्याने लिहिलेले नाही आणि त्याला ते खोडताही येत नाही. काम धन्याचेच राहते. कामाचा अर्थ त्याच्या हातून निसटतो. वेतन व कामाचे तास यांना अर्थात धक्का लागत नाही, आणि समीक्षेने हे झाकू नये.

आरंभीच्या हस्तलिखितात कवितेचे शीर्षक 'परफेक्शन' होते. किमयेच्या दगडाचे अखेरचे कडवे पुनर्लेखनात आले. या कडव्यामुळे कवितेचे वाचन सहसा परिसाच्या अंगाने होते. परंतु तेथील 'टच' म्हणजे नुसता स्पर्श नव्हे. सोनाराने कस लावणे हाही त्याचा अर्थ आहे. मराठीत या दोन दगडांना दोन नावे आहेत. परीस धातू बदलतो. कसोटी केवळ त्याचे मोल सांगते. कडवे पहिल्यापासून सुरू होऊन दुसऱ्यापाशी थांबते, आणि रूपांतराचा दावा मूल्यमापनात विरतो. सावता माळ्याला मळ्यातच विठ्ठल दिसतो. हर्बर्टच्या चाकरापुढची खोली खोलीच राहते; केरही केरच.