अनुशेषाचा अहवाल आणि त्याचे वाचक

प्रादेशिक विकासाची योजना आंखणाऱ्या मराठवाड्यांतील कार्यकर्त्यांनीं काय वाचावें, असें कोणीं विचारल्यास आम्ही प्रथम वि. म. दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालाचें नांव घेऊं. राज्याची सरासरी प्रमाण धरून समितीनें जिल्ह्याजिल्ह्यांतील उणीव रुपयांत मांडली: एकूण अनुशेष सुमारें ३,१८६ कोटींचा, त्यांत मराठवाड्याचा वांटा साडेतेवीस टक्क्यांच्या आसपास. तक्रारीला हिशेबाचें बळ देणारा असा ग्रंथ विरळाच. मात्र आमच्या औरंगाबादेंतील (आतांच्या छत्रपति संभाजीनगरांतील) सभांतून हा टक्काच तेवढा ऐकूं येतो. तो कसा काढला, हें सांगणारीं पानें फारसें कोणी उघडीत नाहीं. वस्तुतः ग्रंथाचा गुण त्याच पानांत आहे, आणि दोषहि तेथेंच. सिंचनाची क्षमता किती कमी व ती निर्माण करण्यास किती पैसा हवा, हें त्यावरून कळतें. वरच्या धरणांनीं पाणी अडविल्यावर पैठणच्या जायकवाडींत तें किती उरेल, हें कळत नाहीं. यास्तव विजय केळकर समितीचा २०१३ चा अहवाल त्याच्या जोडीला घ्यावा. त्यानें जिल्ह्याऐवजीं तालुका हें परिमाण धरलें व पाण्याच्या प्रश्नास मोठें स्थान दिलें. भाषा रुक्ष आहे खरी, आणि पृष्ठसंख्याहि भीति वाटावी अशी. परंतु वाचकानें आपल्या तालुक्याचे आंकडे आधीं पाहावे, प्रस्तावना मागाहून.