श्री. चंद्रकांत काळे यांचा आवाज

ज्येष्ठ वद्यांत ज्ञानोबांची पालखी आळंदीहून पुण्यास येते ती आमच्या विश्रांतवाडीवरून. त्या दिवशीं पहाटेपासून आळंदीचा रस्ता दिंड्यांनीं भरलेला असतो, आणि दारांत उभें राहून ऐकणाऱ्याच्या ध्यानांत एक गोष्ट सहज येते. वारकरी बोलतां बोलतां अभंग म्हणूं लागतो, अभंग म्हणतां म्हणतां शेजाऱ्याजवळ पाणी मागतो, आणि पुन्हां अभंगाकडे वळतो. परंतु त्याचें बोलणें कोठें संपलें व गाणें कोठें सुरू झालें, हें कोणास नेमकें दाखवितां येणार नाहीं. एके वर्षीं पालखी पुढें गेल्यावर आम्हीं घरांत येऊन ‘अमृतगाथे’चें ध्वनिमुद्रण लावलें. संतांच्या रचनांचा हा कार्यक्रम श्री. चंद्रकांत काळे यांच्या ‘शब्दवेध’ संस्थेचा. आमच्याकडे त्या दिवशीं एक तरुण पाहुणा होता. जाहिरातींना व माहितीपटांना आवाज देणें हा त्याचा व्यवसाय. त्यानें कांहीं वेळ ऐकून विचारलें, “हे गृहस्थ गवई कीं नट? कीं निवेदक म्हणावयाचें?”

प्रश्न साधा होता, पण त्यांत त्याच्या पोटापाण्याचा भाग होता. तो स्वतः थोडें गातो, थोडा अभिनय करतो. आणि ज्या धंद्यांत तो पडला आहे तेथें ह्या तिहींपैकीं एकच खूण त्याच्या नांवापुढें केली जाते. आम्हांस त्याच्या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं. उलट, श्री. काळे यांच्याविषयीं अनेक वर्षें बाळगलेलें आमचेंच मत डळमळूं लागलें. तें मत थोडक्यांत असें होतें कीं, काळे यांचा गळा गोड पण बेताचा आहे, आणि नट म्हणून ते चांगले असले तरी गाण्याची कांठी हातीं असल्याशिवाय ते फार दूर चालत नाहींत. हें मत अर्धवट होतें असें आतां वाटतें.

मराठी रंगभूमीस गाणारा नट कांहीं नवा नाहीं. 1880 सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ आलें तेव्हांपासून गळा ही नटाची पहिली मत्ता ठरली. परंतु त्या रंगभूमीवर पद सुरू झालें म्हणजे नाटक थांबे. दुष्यंत बाजूस उभा राही, पेटी पुढें येई, आणि ‘वन्स मोअर’ संपेपर्यंत कथानकानें वाट पाहावी असा प्रघातच होता. बालगंधर्वांच्या (1888–1967) गाण्यासाठीं रसिकांनीं हें आनंदानें सोसलें, त्यांत त्यांचा दोष नाहीं. पुढें चित्रपट आला. ‘प्रभात’ 1933 सालीं कोल्हापुराहून पुण्यास आली, आणि तिच्या 1936 च्या ‘संत तुकारामां’त विष्णुपंत पागनीस अजून स्वतःच्याच गळ्यानें गात होते, पण 1935 सालींच ‘धूप छांव’ ह्या हिंदी बोलपटानें पार्श्वगायनाची वाट पाडली होती, आणि गळा चेहऱ्यापासून सुटा झाला होता. मग बोलणेंही सुटें झालें. 2015 सालच्या ‘बाहुबली’च्या हिंदी आवृत्तींत प्रभास यांच्या तोंडीं श्री. शरद केळकर यांचा आवाज आहे. देह एकाचा, शब्द दुसऱ्याचे, आणि टाळ्या बहुधा देहास. अशा रीतीनें पूर्वीं एका माणसांत नांदणाऱ्या तीन कला तीन निरनिराळ्या खोल्यांत राहावयास गेल्या.

श्री. काळे यांचें घडणें झालें तें ह्या वांटणीस न जुमानणाऱ्या मंडळींत. 1972 सालच्या ‘घाशीराम कोतवाला’नें पुण्यांतल्या तरुण नटांस एक धडा दिला होता: गाणारा, नाचणारा व भिंत होऊन उभा राहणारा माणूस एकच असूं शकतो. त्या नाटकाच्या वादांतून 1973 सालीं ‘थिएटर अकॅडमी’ निघाली, आणि पुढच्याच वर्षीं श्री. सतीश आळेकर यांचें ‘महानिर्वाण’ रंगभूमीवर आलें. त्यांतले भाऊराव म्हणजे श्री. काळे.

ह्या भूमिकेपाशीं थोडें थांबलें पाहिजे. भाऊराव नाटकाच्या आरंभींच वारलेले आहेत. प्रेत पडलें आहे, पण तें गप्प बसत नाहीं. तें उठून स्वतःच्याच मरणावर कीर्तन करूं लागतें. जुन्या स्मशानांतच आपलें दहन व्हावें असा त्यांचा हट्ट, आणि तें स्मशान तर बंद झालेलें. मुलगा नाना बापाच्या ह्या शेवटच्या हट्टाच्या पायीं धांवतो आहे, चाळकरी आपापल्या कामास लागले आहेत, आणि मृताचें निरूपण चालूच आहे. देह संपला व आवाज तेवढा उरला, ही कल्पना श्री. आळेकरांची; परंतु ती कागदावरून प्रेक्षकाच्या कानांत जाण्यास असा नट हवा होता कीं ज्याच्या बोलण्यांतच सूर दडलेला आहे. कीर्तनकाराची एक युक्ति आपल्या घरांतील वडील मंडळींस ठाऊक असेल. तो गद्य निरूपण करतो तेंही पेटीच्या पट्टीस धरून. त्यामुळें पद येतें तेव्हां तें बाहेरून आल्यासारखें वाटत नाहीं, बोलण्याच्याच पोटांतून वर येतें. श्री. काळे यांनीं ही युक्ति अशी कांहीं आपलीशी केली होती कीं, भाऊराव बायकोविषयीं घरगुती तक्रार करीत असतां वाक्याच्या शेवटचें अक्षर जरासें लांबे, आपण हंसत असूं, आणि हंसणें संपतें तों अभंगाचा घाट सुरू झालेला असे. तेथें टाळी वाजविण्यास जागाच नसे. जुन्या गायकनटानें टाळीसाठीं जी जागा मोकळी ठेविली होती, ती ह्या नटानें बुजवून टाकली. आम्हीं पूर्वीं जिला गाण्याची कांठी म्हटलें ती कांठी नव्हतीच. तो त्यांचा पायच होता.

कै. आनंद मोडक (1951–2014) यांचें संगीत त्या नाटकास होतें, आणि ह्या गुणांत त्यांचा वांटा किती व नटाचा किती, हें ठरविणें कठीण आहे. चाल बांधणारा बोलण्याचा कल ओळखणारा नसता, तर नटाची ही करामत दोन प्रयोगांत थकली असती.

1979 सालच्या ‘बेगम बर्वे’मध्यें श्री. काळे यांच्यापुढें याहून अवघड काम आलें. बर्वे हा संगीत नाटकांच्या काळांतला एक उपेक्षित स्त्रीपार्टी. आतां टांगेवाल्या शामरावाच्या धाकांत उदबत्त्या विकून दिवस काढणारा. बालगंधर्वांची सृष्टि त्याच्या अंगांत भिनलेली आहे, आणि जावडेकर-बावडेकर ह्या दोन कारकुनांच्या स्वप्नांत शिरून तो तिचा शेवटचा संसार मांडतो. येथें नटानें गंधर्वांसारखें गाऊन चालत नाहीं. गंधर्वांसारखें गावें अशी जन्मभर इच्छा धरून जो तेथपर्यंत पोंचला नाहीं त्याचें गाणें गावें लागतें. सफाईदार गवयास हें साधत नाहीं, कारण त्याची तान वाटेंत थांबण्यास तयार नसते. आणि बेसूर नटासही साधत नाहीं, कारण मग त्या स्वप्नाचा मोहच वाटत नाहीं. श्री. काळे यांच्या ‘बेताच्या’ गळ्यानें येथें जें केलें तें आमच्या पाहण्यांत दुसऱ्या कोणीं केलेलें नाहीं. पद ऐकतांना तें सुंदर वाटे, आणि हें सौंदर्य उसनें आहे हेंही त्याच क्षणीं कळे. गळ्याची मर्यादा आम्हांस दिसली होती. ती मर्यादा नट जाणूनबुजून वापरतो आहे, हें मात्र दिसलें नव्हतें.

रंगभूमीवरील इतर कामांचा येथें विस्तार करीत नाहीं. पण ‘शब्दवेध’विषयीं लिहिणें अवश्य आहे, कारण तेथें देह जवळजवळ नाहींसा होऊन केवळ वाणी उरते. नाटक नाहीं, पात्र नाहीं. कविता, चाल, आणि श्री. काळे यांच्या जोडीस श्रीमती माधुरी पुरंदरे यांच्यासारखी शब्द तोलून गाणारी सहकारी. ‘अमृतगाथें’त संतांची वाणी देव्हाऱ्यांतून उतरवून माणसांत आणली आहे. भजनी मंडळांत अभंगाचे शब्द चालीबरोबर वाहून जातात, आणि शास्त्रीय मैफलींत ते आलापांत बुडतात; येथें मात्र तुकोबा कोणाशीं तरी भांडत आहेत, हें ऐकूं येतें.

‘साजणवेळा’ ह्या ग्रेस (1937–2012) यांच्या कवितांच्या कार्यक्रमाविषयीं आमचें मत इतकें अनुकूल नाहीं. ग्रेस यांची कविता वाचकास अर्ध्या वाटेवर सोडते, आणि तें सोडणें हाच तिचा स्वभाव आहे. मोडकांच्या चाली व काळ्यांचा आर्जवी स्वर यांनीं त्या वाटेवर इतका मऊ उजेड पाडला आहे कीं, श्रोत्यास आपण मुक्कामास पोंचलों असें वाटूं लागतें. आमच्या एका स्नेह्यांनीं कार्यक्रम ऐकून “ग्रेस आज समजले” असें सांगितलें. दुसऱ्या दिवशीं पुस्तक उघडलें तेव्हां ते पुन्हां अंधारांत होते. हा दोष आवाजाचा म्हणावा कीं गुणाचा अतिरेक, हें रसिकांनीं ठरवावें. ज्या आवाजास प्रत्येक शब्द आपला करण्याची संवय आहे, त्यास परक्या राहूं इच्छिणाऱ्या शब्दाशीं कसें वागावें हें जरा उशिरा कळतें, एवढें आम्ही म्हणतों.

अशा कलावंताचा हिशेब आमच्या टीकाकारांनीं मात्र नीट ठेवलेला नाहीं, आणि त्यांत आम्हीही आलों. नाट्यपरीक्षक गाण्यापाशीं आला कीं ‘संगीत अनुरूप होतें’ असें लिहून पुढें जातो. संगीतपरीक्षक ह्या गाण्यास आपल्या प्रांतांत घेत नाहीं. आणि नुसत्या वाणीचें परीक्षण करणारा तर आमच्याकडे कोणी नाहींच. परिणाम असा कीं भाऊरावांचें कीर्तन ज्यांनीं ऐकलें त्यांच्या कानांतच तें राहिलें. पुढें नव्या नटांनीं ती भूमिका करावयाची म्हटली तर संहिता मिळते, चालीही मिळतील. पण अक्षर कोठें लांबवावयाचें तें कोठें लिहिलेलें नाहीं.

पाहुण्यास आम्हीं हें सगळें पुढें पत्रानें कळविलें. त्याचें उत्तर आलें तें दोन ओळींचें: हल्लीं एका माहितीपटाचें निवेदन तो करतो आहे, त्यांत ओवीचे चार चरण त्यालाच म्हणावयाचे आहेत, आणि निर्मात्यानें त्यासाठीं वेगळा गायक आणण्याचा विचार सोडून दिला आहे. मोडकांच्या नाट्यसंगीतावर मात्र कोणीं तरी स्वतंत्र लेख लिहावयास हवा. तो लिहिण्याचा अधिकार स्वरलिपि जाणणाऱ्याचा, आमचा नव्हे.