आधी काय पोहोचते?

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातला एखादा पितळी अडकित्ता त्रिमितीत स्कॅन केला, असे समजू. जाळीत १० लाख बिंदू धरले तर त्रिकोण साधारण २० लाख. प्रत्येक आकड्याला ४ बाइट दिले की फाइल ३.६ कोटी बाइटांची होते. सेकंदाला १० मेगाबिट वेगाने ती उतरायला जवळजवळ अर्धे मिनिट लागते. तोवर पाहणारा मोबाइल खिशात टाकतो.

यावरचा उपाय ह्यूग हॉप यांनी १९९६ साली ‘प्रोग्रेसिव्ह मेशेस’ या निबंधात मांडला. जाळीतली एक कड मिटवून तिची दोन टोके एक करायची. असे हजारो वेळा केले की ढोबळ आकार उरतो. प्रत्येक मिटवणीची नोंद मात्र जपायची. पाठवताना आधी हा ढोबळ आकार जातो, मागोमाग नोंदी उलट्या क्रमाने. जोडणी मध्येच तुटली तरी हाती अख्खी वस्तू असते, फक्त भरड. कल्पना इतकी सुरेख आहे की तिच्यातली मेख चटकन दिसत नाही.

कोणती कड आधी मिटवायची? मूळ पृष्ठापासून आकार जितका कमी ढळेल, तितकी ती कड बिनमहत्त्वाची, हा मुख्य निकष. हॉप रंगाचा आणि धारदार कडांचाही हिशेब धरतात, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवे. पण केळकरांनी जमवल्या त्या मुख्यतः घरगुती वापराच्या वस्तू. ढोबळ आकारात दोन अडकित्ते सारखेच. फरक असतो तो मुठीवरच्या बारीक कोरीव रेघांत. त्या रेघांची खोली केसाएवढी, म्हणून गणिताच्या लेखी त्या नगण्य. कारागिराचा हात नेमका शेपटाला येतो, आणि मंद जोडणीवर येतच नाही. गूगलच्या ‘ड्रेको’ने (२०१७) फाइल कितीतरी आटते, पण सहसा स्थानांचे आकडे गोल करूनच. तिथेही पहिला बळी जातो तो या रेघांचाच.

कोरीवकाम चित्ररूपाने वेगळे पाठवून ढोबळ जाळीवर चढवता येते. मग ते चित्र कधी पाठवायचे, हा प्रश्न उरतोच. कोणत्या भागाला किती वजन, हे माणसाने हाताने ठरवण्याच्या पद्धतीही संशोधनात आहेत. ते काम मात्र प्रोग्रामरचे नव्हे, वस्तू ओळखणाऱ्याचे. संग्रहालयांच्या नोंदींसाठी ‘जतन’ ही प्रणाली पुण्याच्याच सी-डॅकने केली. अशा नोंदपत्रात धातू, माप, काळ यांच्या शेजारी आणखी एक रकाना हवा: आधी काय दाखवायचे.