पाठीवरची डबी आणि चार फासे

लिव्हरपूल पॉलिटेक्निकमध्ये टॉमस रायली यांनी 1975 साली पीएच.डी.साठी एक प्रबंध सादर केला. व्यावसायिक फुटबॉल खेळणाऱ्यांवर त्यांच्या धंद्यामुळे पडणाऱ्या ताणाचे श्रमविज्ञानाच्या अंगाने मूल्यमापन, असा त्याचा विषय होता. शीर्षक रुक्ष होते, पण त्यात एक मोठी गोष्ट गृहीत धरलेली होती. फुटबॉल खेळून पोट भरणारा माणूस हाही एक कामगारच आहे, आणि गिरणीतल्या किंवा खाणीतल्या माणसाचे श्रम जसे मोजतात तसे त्याचेही मोजता येतात.

मोजण्याची पद्धत साधी होती. निरीक्षकाने प्रेक्षागारात बसून एकाच खेळाडूवर नजर ठेवायची. तो चालला, हळू धावला, जोरात धावला की तसे टेपरेकॉर्डरवर बोलत जायचे. त्या त्या गतीला त्या खेळाडूचे पाऊल किती लांब पडते हे आधीच मोजून ठेवलेले असायचे. पावलांच्या संख्येवरून अंतर निघे. एव्हर्टन संघाच्या खेळाडूंवर केलेल्या या कामातून 1976 साली व्हॉन टॉमस यांच्यासह प्रसिद्ध झालेला आकडा असा : मैदानी खेळाडू एका सामन्यात सरासरी सुमारे 8.7 किलोमीटर अंतर कापतो. चेंडू पायाशी असतानाचे अंतर त्यातले दोन टक्केसुद्धा भरत नाही. बाकीची सगळी धावाधाव चेंडूविना!

ठाण्याच्या वागळे इस्टेटीत ज्यांनी हयात घालवली त्यांना या प्रबंधाची कल्पना चटकन पटेल. 1962 साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एक. सोळा नंबर, बावीस नंबर अशा नुसत्या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या रस्त्यांवर आज आयटी पार्क उभे आहेत. एके काळी तिथे लेथ आणि प्रेस चालत. लेथपाशी स्टॉपवॉच घेऊन उभा राहणारा माणूस कामगाराला नवा नव्हता. तो आला की हात मुद्दाम हळू चालत, कारण मोजलेल्या वेळेवरूनच उद्याचे उत्पादनाचे लक्ष्य ठरणार हे सर्वांना ठाऊक असे. मोजमाप कोणासाठी, हा प्रश्न तिथे पुस्तकातून शिकावा लागत नव्हता.

रायली यांच्या टेपरेकॉर्डरची जागा आता एका डबीने घेतली आहे. बनियनसारख्या घट्ट जाकिटात, दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये ती बसवतात. आत उपग्रहांचे संदेश घेणारा ग्राहक, त्वरणमापी आणि जायरोस्कोप असतो. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश ती पकडते आणि साधारणपणे सेकंदाला दहा वेळा खेळाडूचे स्थान व वेग नोंदवते. वेग काढायला बहुधा डॉप्लर परिणाम वापरतात, म्हणजे जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीचा स्वर ज्या कारणाने चढतो तेच कारण. अशा डब्या बनवणारी कॅटापल्ट ही कंपनी 2006 साली ऑस्ट्रेलियात निघाली. फुटबॉलचे नियम करणाऱ्या मंडळाने 2015 साली प्रत्यक्ष सामन्यातही ती घालायला मुभा दिली. आपल्याकडचे फुटबॉलपटू आणि क्रिकेटपटूही ती घालून सराव करताना दिसले आहेत.

डबी किती खरे बोलते? सरळ, लांब धावेचे अंतर ती बरे मोजते. खेळातली खरी दमणूक मात्र झटकन सुटणे, थांबणे, वळणे यांत असते, आणि तिथेच ती अडखळते. मार्टिन बुखाइट आणि सहकाऱ्यांनी 2014 साली केलेला प्रयोग आम्हाला फार आवडतो. त्यांनी एकाच घसरगाड्यावर पन्नास डब्या बांधल्या आणि तो गाडा ओढत धावायला लावले. पन्नासही डब्यांची हालचाल एकच, तरी त्वरणांची मोजदाद डबीगणिक वेगळी निघाली. उत्पादकाने प्रणाली सुधारून दिल्यावर तर आकडे पुन्हा बदलले. प्रयोगशाळेत दोन तापमापी शेजारी शेजारी ठेवून आपण मुलांना जे दाखवतो, तेच हे, फक्त खर्च जास्त.

अशा डब्यांवर आधारलेले पीएच.डी.चे संशोधन गेल्या पंधरावीस वर्षांत भरपूर झाले. त्याची एक ठरावीक रीत आहे. क्लब आणि विद्यापीठ मिळून विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती देतात. विद्यार्थी सकाळी क्लबच्या मैदानावर डब्या वाटतो आणि गोळा करतो, दुपारी प्रशिक्षकाला तक्ते देतो आणि रात्री प्रबंध लिहितो. या जातीच्या कामाचा चांगला नमुना म्हणून जेम्स मलोन आणि सहकाऱ्यांचा 2015 सालचा निबंध घ्यावा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील एका संघाचे तीस खेळाडू त्यांनी 45 आठवडे मोजले. ठळक निष्कर्ष असा की सामन्याच्या आदल्या दिवशी सराव हलका असतो, आणि त्याआधीच्या दिवसांत फारसा फरक नसतो. एवढेच? असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. जे दिसले तेवढेच सांगितले, हा या निबंधाचा गुण आहे. निबंधात क्लबचे नाव मात्र नाही, आणि एकाच क्लबच्या तीस माणसांवरून सगळ्या फुटबॉलविषयी बोलताही येत नाही.

घाई झाली ती दुसरीकडे. खेळाडूला दुखापत कधी होणार हे आधी सांगता आले तर क्लबांचे कोट्यवधी वाचतील, म्हणून एका गुणोत्तराला फार मान मिळाला. चालू आठवड्याचा भार भागिले गेल्या चार आठवड्यांचा सरासरी भार. यामागचा एक महत्त्वाचा अभ्यास क्रिकेटच्या वेगवान गोलंदाजांवरचा होता. टिम गॅबेट यांच्या 2016 सालच्या निबंधाने 0.8 ते 1.3 हा सुरक्षित पट्टा आणि 1.5 च्या वर धोका असे सांगितले, आणि जगभरच्या प्रशिक्षकांनी ते भिंतीवर लावले.

आता हा हिशेब पाहा. चार आठवड्यांत 20, 20, 20 आणि 40 किलोमीटर. सरासरी 25, गुणोत्तर 1.6, धोका! दुसरा खेळाडू 5, 5, 5 आणि 10 किलोमीटर धावला. गुणोत्तर तेच 1.6. दोघांच्या पायांना मात्र एकच गोष्ट झालेली नाही. शिवाय भार दुप्पट झाला असताना गुणोत्तर 2 न येता 1.6 का आले? कारण चालू आठवडा अंशातही आहे आणि छेदाच्या सरासरीतही शिरला आहे. अंश छेदात मिसळल्याने खोटा सहसंबंध कसा जन्मतो, याचा इशारा कार्ल पिअर्सन यांनी 1897 सालीच दिला होता. लोरेंझो लोली आणि सहकाऱ्यांनी तो या गुणोत्तराला लावून दाखवला, आणि फ्रँको इम्पेलिझेरी यांनी 2020 साली त्याची पायाभूत कल्पनाच तपासायला घेतली. एकशे वीस वर्षांपूर्वीची ताकीद महागड्या उपकरणांच्या गर्दीत विसरली जावी, याचे आम्हाला नवल वाटते आणि थोडा रागही येतो.

त्यात पैशाचा भाग आहेच. ज्या क्लबाने पैसे दिले, आकडेही त्याच्याच कपाटात. प्रतिस्पर्ध्याला कळू नयेत म्हणून ते बाहेर येत नाहीत, आणि दुसऱ्या संशोधकाला पडताळा घेता येत नाही. विद्यार्थ्याला संमतीपत्र भरून घ्यावे लागते खरे, पण ज्याचा करार पुढच्या हंगामात संपणार आहे तो खेळाडू डबी घालायला नाही कसे म्हणेल? क्ष-किरणांनी वेल्डिंगचे जोड तपासणाऱ्या कामगाराच्या छातीवरही एक बिल्ला असतो. त्याची नोंद भाभा अणुसंशोधन केंद्राच्या व्यवस्थेत जाते आणि तिचा हेतू एकच, त्या माणसाला मर्यादेबाहेर किरणोत्सर्ग मिळू नये. फुटबॉलपटूच्या डबीचे आकडे त्याची प्रकृती जपायलाही लागतात आणि त्याला संघाबाहेर काढायलाही. खेळाडूंच्या जागतिक संघटनेने 2022 साली फिफाबरोबर खेळाडूंच्या माहितीविषयक हक्कांची सनद काढली, ती याच कारणाने. रायली यांनी ‘ताण’ हा शब्द कामगाराच्या बाजूने वापरला होता. नंतरच्या बऱ्याच प्रबंधांत त्याची जागा ‘भार’ या शब्दाने घेतली, आणि भार मोजतो तो बहुधा मालक.

हे सगळे वर्गात आणायला डबी लागत नाही. चार फासे घ्या. प्रत्येक फासा म्हणजे एक आठवडा. चौथ्याचा आकडा ‘चालू भार’, चौघांची सरासरी ‘दीर्घ भार’. चाळीस वेळा टाकून आलेखावर चाळीस बिंदू मांडा. फाशांना एकमेकांची काहीच खबर नसते, तरी बिंदू तिरके वर चढताना दिसतील. सहसंबंध गुणांक 0.5 च्या आसपास येईल; अकरावीच्या मुलांना तो बीजगणिताने नेमका 0.5 असल्याचे सिद्धही करता येईल. मग सरासरी फक्त पहिल्या तीन फाशांची घेऊन तेच पुन्हा करा आणि बिंदू कसे विखुरतात ते पाहा.

मैदानावर रायली यांची पद्धत वापरा. रायलादेवी तलावाच्या आसपासच्या एखाद्या शाळेचे पटांगण पूर्ण आकाराचे नसेल, त्याने बिघडत नाही. पन्नास मीटर मोजून प्रत्येक खेळाडूच्या चालण्याचे आणि धावण्याचे पाऊल काढा. एकाच खेळाडूवर दोन निरीक्षक ठेवा, एकमेकांपासून लांब, आणि दोघांच्या वह्या खेळ संपल्यावरच उघडा. ज्याला मोजले त्यालाही त्या वह्या दाखवा.