वर उघडणारी दारं आणि ‘सुरक्षित’ या शब्दाचा हिशोब

साध्या गाडीला लॅम्बोर्गिनीसारखी वर उघडणारी दारं बसवून देणारी किट अमेरिकेत २००० नंतरच्या दशकात जोरात चालली. ती सुरक्षित आहेत असं सांगताना जो युक्तिवाद केला जातो, तो आज तपासू. गाड्यांची आवड नसली तरी वाचा, कारण याच जातीचे युक्तिवाद रिसर्च प्रपोजलमध्येही येतात आणि व्हायव्हाला पकडले जातात.

आधी किट काय करतं ते बघा. दाराच्या मूळच्या दोन बिजागऱ्या, वरची आणि खालची, काढतात. त्यांच्या जागी बहुतेक वेळा एकच जाड पोलादी बिजागरी ए-पिलरवर, म्हणजे पुढच्या काचेखाली उतरणाऱ्या खांबावर, मूळच्याच भोकांत बोल्टने बसवतात. दार आधी थोडं बाहेर येतं आणि मग गॅस स्ट्रटच्या जोरावर वर जातं. मडगार्ड आतून थोडं कापावं लागतं, दारातल्या वायरी लांबवाव्या लागतात. यावर विकणाऱ्यांचा दावा असा की दारातला आडवा पोलादी बीम तोच आहे, लॅचही तेच आहे, तेव्हा बंद दार पूर्वीइतकंच मजबूत.

ऐकायला पटतं. पण बीमला दोन टोकं असतात. बाजूने धडक बसली की बीमवरचा जोर मागे लॅचमधून बी-पिलरला जातो आणि पुढे बिजागऱ्यांमधून ए-पिलरला. किटने बदललं ते नेमकं हे पुढचं टोक, आणि दावा मात्र उरलेल्या भागाबद्दल केलाय! अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस २०६ या मानकात लॅचइतकीच बिजागऱ्यांचीही परीक्षा असते: गाडीच्या लांबीच्या दिशेने ११,००० न्यूटन आणि आडव्या दिशेने ९,००० न्यूटन भार दिला तरी दार सुटता कामा नये. मूळ बिजागऱ्या हे पार करून आलेल्या असतात. नवी आली आहे का, हा खरा प्रश्न.

एक कच्चं गणित करू. आकडे मी धरलेले आहेत. दार ३० किलोचं आणि त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून ०.५५ मीटरवर. वजन साधारण २९४ न्यूटन, म्हणजे मोमेंट १६२ न्यूटन-मीटर. दार नेहमीसारखं बाजूला उघडलेलं असताना दोन बिजागऱ्यांमध्ये ०.४ मीटर अंतर असेल तर प्रत्येकीवर सुमारे ४०५ न्यूटनची आडवी ओढ येते. तोच मोमेंट ०.१ मीटर अंतरावरच्या बोल्टांनी पेलायचा तर ओढ १,६२० न्यूटन, म्हणजे चौपट. पोलादाला हे जड नाही, पण ज्या पत्र्यात बोल्ट बसलाय तो चौपट ओढीसाठी बनवला होता का? ‘बिजागरी जाड आहे’ हे त्याचं उत्तर नव्हे.

आता पुराव्याकडे. सगळ्यात जास्त ऐकू येणारा पुरावा म्हणजे इतकी वर्षं वापरतोय, काही झालं नाही. समजा असे १०० मालक आहेत आणि अपघातात दार निकामी झाल्याची नोंद शून्य. संख्याशास्त्रातला ‘तीनचा नियम’ सांगतो की शून्य घटना दिसल्या तरी खरा दर ९५ टक्के खात्रीने फक्त ३/१०० च्या खाली आहे एवढंच म्हणता येतं. आणि इथे तर छेदच चुकलाय. बाजूने जोरदार धडक बसलेल्या गाड्या त्या १०० मध्ये किती? एकही नसेल, तर धडकेतल्या ताकदीबद्दल आपला नमुना शून्य. शोच्या गाड्या तशाही रविवारीच बाहेर पडतात.

विरोधकांचंही तपासायला हवं. गाडी उलटली तर आतले अडकतील, असं ते छातीठोकपणे सांगतात. धोका खरा आहे, कारण उलट्या गाडीत ‘वर’ म्हणजे रस्ता. मर्सिडीजने एसएलएस एएमजीच्या गलविंग दारांना बिजागरीपाशी स्फोटाने तुटणारे बोल्ट दिले ते यासाठीच. पण खांब चेपला तर साधं दारही उघडत नाही. तुलना किटचं दार आणि आदर्श दार यांची नको, किटचं दार आणि त्याच उलटलेल्या गाडीचं मूळ दार यांची हवी. ‘लॅम्बोर्गिनीला चालतं मग याला का नाही’ हेही तितकंच पोकळ. १९७४ च्या कुंटाशचा सांगाडाच त्या दारांना धरून रचलेला होता.

कायदा इथे फारशी मदत करत नाही. अमेरिकेत गॅरेजवाल्याने सुरक्षा मानकासाठी बसवलेला भाग जाणूनबुजून निकामी करणं बेकायदा आहे, पण मालकाने स्वतःच्या हाताने केलं तर ते कलम लागत नाही. बिजागरी तीच, पाना कोणाच्या हातात एवढाच फरक. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे मूळ रचनेत असा बदल करायलाच बहुतांशी मनाई आहे, त्यामुळे चर्चा तिथेच संपते.

रोजचा धोका मात्र धडकेचा नाही, स्ट्रटचा आहे, आणि त्याबद्दल कोणीच भांडत नाही. स्ट्रटमधल्या वायूचा दाब केल्व्हिनमधल्या तापमानाच्या प्रमाणात बदलतो. ४० अंश सेल्सिअसला जेमतेम तोलणारा स्ट्रट उणे १० अंशांना सुमारे १६ टक्के कमी जोर देतो. त्यात सील झिजून गॅस गेला, की ३० किलोचं दार उतरणाऱ्याच्या डोक्यावर.

पहिल्या प्रश्नाची चाचणी महागही नाही. ११,००० न्यूटन म्हणजे ११ किलोन्यूटन. इंजिनियरिंग कॉलेजच्या लॅबमधलं युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन याच्या कितीतरी पट ओढ देतं. बिजागरी, खऱ्या गाडीतून कापलेला ए-पिलरचा तुकडा आणि एक फिक्स्चर, एवढ्यात काम होतं. नुसती बिजागरी जाड प्लेटवर बोल्ट करून ओढली तर पत्र्याचा प्रश्न पुन्हा बाजूलाच राहील, म्हणून तो तुकडा हवाच. गाडी धडकवायची गरज नाही. हा आकडा किटसोबत देता येतो, आणि दिला नसेल तर का नाही, असं विकणाऱ्याला विचारता येतं.