उत्तेजकाने मूल शांत कसे होते?

अतिचंचल मुलाला डॉक्टर उत्तेजक औषध देतात आणि ते मूल शांत होते, हे वाचले की कोणालाही नवल वाटते. या नवलाला ‘विरोधाभासी परिणाम’ असे भारदस्त नाव देऊन विषय आटोपता घेण्याची लोकप्रिय विज्ञानलेखनात जुनी रीत आहे. आम्हांला ती मान्य नाही. नाव दिले म्हणजे कारण सांगितले असे होत नाही. आणि येथे तर नावच चुकले आहे.

मूळ निबंध पाहा. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात ‘ब्रॅडली होम’ या मुलांच्या रुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली यांनी ३० मुलांना आठवडाभर बेंझेड्रिन, म्हणजे अ‍ॅम्फेटामीन, दिले व निष्कर्ष १९३७ साली प्रसिद्ध केले. १४ मुलांची अभ्यासातील प्रगती ठळक होती. सुमारे निम्मी मुले शांत झाली. तुलनेसाठी औषधविरहित गोळी कोणालाच दिली नव्हती, ही उणीव उघड आहे. परंतु परिणाम वरकरणी विसंगत दिसतो असे म्हणून ब्रॅडली थांबले नाहीत. मेंदूच्या वरच्या केंद्रांचे एक काम आवर घालण्याचे असते. तीच उत्तेजित झाली तर हालचाल कमी होऊ शकेल, असे त्यांनी तेथेच सुचवले होते. पुढच्या लेखकांनी विसंगती तेवढी उचलली आणि संगती टाकून दिली! वर्गाचा मॉनिटर डुलक्या घेत असेल तर गलका होतो; त्याला जागे केले की वर्ग शांत होतो. यात विरोधाभास कुठे आहे?

चेतापेशींच्या सांध्यात सोडलेले डोपामीन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलीन ही रसायने पुन्हा पेशीत ओढून घेतली जातात. मेथिलफेनिडेट ही परतीची वाट अडवते. अ‍ॅम्फेटामीन त्याशिवाय रसायनांचा जादा साठाही बाहेर काढते. अल्प मात्रेत याचा लाभ कपाळामागील, आवर घालणाऱ्या भागाला होतो. मात्रा वाढली की लक्ष उलट बिघडते.

हे सर्वांच्याच मेंदूत घडते. ज्यूडिथ रॅपोपोर्ट व सहकाऱ्यांनी १९७८ साली दाखवले की चंचलतेची तक्रार नसलेल्या मुलग्यांचीही हालचाल या औषधाने कमी होते व लक्ष सुधारते. म्हणून ‘गोळी लागू पडली, म्हणजे आजार होताच’ हा शिक्षककक्षात ऐकू येणारा युक्तिवाद टिकत नाही. निदान घरच्या आणि शाळेतल्या वागणुकीच्या दीर्घ नोंदींवरूनच करावे लागते.

झोप आणि वजन यांची गोष्टही याच रसायनांची. नार्कोलेप्सीत दिवसा अनावर झोप येते. तिच्यावर बेंझेड्रिनचा उपयोग १९३५ सालीच नोंदला गेला. भूक मरते, म्हणून लठ्ठपणावर ही औषधे सर्रास खपली. शरीर सरावते, व्यसन जडू शकते, हे त्या उत्साहात मागे पडले. त्याच कुळातील, पण सेरोटोनिनवर काम करणारे फेनफ्लुरामिन हृदयाच्या झडपा बिघडवते असे दिसल्याने १९९७ साली ते अमेरिकेच्या बाजारातून काढून घेण्यात आले.

थोडक्यात, एका रुग्णाचा उपचार तो दुसऱ्याचा दुष्परिणाम. मेथिलफेनिडेट घेणाऱ्या मुलाची दुपारची भूक मंदावते, उशिरा घेतल्यास रात्रीची झोप लांबते. त्यामुळे डॉक्टर त्याची उंची व वजन वेळोवेळी तपासतात. मधल्या सुटीत डबा तसाच राहतो का, हे मात्र आधी शिक्षकांनाच दिसते. तेवढे पालकांना कळवावे; मात्रा ठरवणे डॉक्टरांचे काम.